झडपेवरचं साल

फरीदाबाद
४ नोव्हेंबर २०२४

प्रिय अक्षता,

पाकिटावरचं अक्षर ओळखलंस का? तुझा पत्ता राघवकडे मागितला नाही. आमच्या प्रणिताकडून मिळवला. माझी भाची तुझ्या संपर्कात आहे हे मला ठाऊक होतं, तिनं मात्र ते ओळखू दिलं नव्हतं. फोनच करणार होते, पण कानांनी आता पार दगा दिला आहे. मशीन लावूनही फोनवरचं बोलणं लागत नाही, आणि मोबाइलवर मराठी टाइप करायला गेले की भलतंच उमटतं. तेव्हा पत्र.

काम आहे. संकोच वाटतो आहे, तरी सांगते. राघवशी तुझं नातं संपलं, पण तुझ्या हातातली कला तर तुझ्याकडेच आहे ना! सांगलीच्या आमच्या शाळेनं युद्धात गेलेल्या माजी विद्यार्थ्यांसाठी एक दालन केलंय. माझा भाऊ शंकर तिथलाच. त्याची एखादी वस्तू द्या म्हणून त्यांचं पत्र आलं. सोबत अट अशी, की वस्तू खरी असल्याचं जाणकाराचं टिपण हवं. कुणीतरी बाजारातलं जुनं सामान आजोबांचं म्हणून दिलं होतं म्हणे, तेव्हापासून ते सावध झालेत.

शंकरचं पिस्तुलाचं कापडी होल्स्टर तू आमच्या शोकेसमध्ये पाहिलेलं आहेस. गोष्ट मात्र मी तुला नीट कधी सांगितली नव्हती. शंकर एकाहत्तरच्या डिसेंबरात गेला. मी सतरा वर्षांची होते. सरकारकडून तार आली, नंतर ट्रंक आली. तो कसा गेला हे सांगायला मात्र कुणी आलं नाही. आई येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायची, "त्याला फार त्रास झाला असेल का हो?" पंचाहत्तरच्या उन्हाळ्यात हे आले. शंकरच्याच पलटणीतले, त्याचे मित्र. पंच्यात गुंडाळलेलं होल्स्टर त्यांनी आईच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाले, "मी जवळच होतो. छातीत गोळी लागली आणि गेला. कळलंसुद्धा नाही त्याला." आईनं ते उलटंपालटं करून पाहिलं. त्यावर एक डाग नव्हता. त्या दिवशी ती साडेतीन वर्षांनी पोटभर जेवली. पुढच्या वर्षी आमचं लग्न झालं.

ह्यांना ते शाळेत द्यायचं नाहीये. "राहू दे घरात, कशाला उकरायचं?" म्हणतात. वय झालं की माणूस वस्तूंना चिकटतो. हे फिरायला गेले असताना मी ते कुरियरला दिलंय. सोबत आतली सफाईची कांडीही आहे. बघ आणि चार ओळी लिहून दे.

दिवाळीच्या धुरानं खोकला धरलाय. तूही जपून राहा.

भानुमती
(आई लिहावं की नाही, कळेना.)

---

आर. के. पुरम, नवी दिल्ली
१२ नोव्हेंबर २०२४

ती. आईंना,

मी आईच लिहिणार. दुसरं काही लिहायला हात वळत नाही.

पार्सल नीट पोचलं. म्युझियमच्या लॅबमध्ये नेलं नाही, आपलं घरचं काम म्हणून घरीच टेबलावर पाहतेय. कापड छान राहिलंय. तुम्ही दर पावसाळ्यानंतर उन्हात ठेवत होतात, ते आठवलं.

अशा वस्तूंवर काय बघतात ते सांगते. सैन्याच्या सामानावर शिक्के असतात: बनवणाऱ्याचं नाव किंवा अक्षरं, साल, आणि कुठल्या सरकारची मालमत्ता त्याची खूण. कांडीवर इंग्रजी C च्या पोटात वर तोंड केलेला बाण आहे. ती कॅनडाच्या सैन्याची खूण. दुसऱ्या महायुद्धातलं तिथलं बरंच सामान जगभर फिरलं. पण कांड्या सारख्या हरवतात, एकीची दुसरीत जाते, म्हणून फक्त कांडीवरून काही ठरवता येत नाही. नकली माल करणारे चहाच्या पाण्यात कापड भिजवून जुनं करतात, पण त्यांचा शिक्का फार स्वच्छ उमटतो. जुनी शाई धाग्याधाग्यातून पसरलेली असते. होल्स्टरवरचा शिक्का तसा जुना, पसरलेलाच आहे.

टिपणाला थोडे दिवस लागतील. एक विचारू? बाबांचं स्वतःचं असं दुसरं होल्स्टर होतं का? बदल्यांमध्ये सामानाची सरमिसळ होते, म्हणून विचारलं.

आमच्या मजल्यावर सगळ्यांकडे एअर प्युरिफायर लागलेत, तरी सकाळी घसा धरतोच. वाफ घेत जा. बाबांना नमस्कार.

अक्षता

---

फरीदाबाद
१६ नोव्हेंबर २०२४

प्रिय अक्षता,

तू टाळते आहेस. पानभर कांडीबद्दल लिहिलंस आणि होल्स्टरचा शिक्का एका ओळीत उरकलास.

ह्यांचं होल्स्टर रिटायर होताना जमा झालं. सामानाची सरमिसळ वगैरे काही नाही. शंकरचं होल्स्टर आईच्या उशाशी असायचं, आणि ती गेल्यावर माझ्याकडे आलं.

तू आणि राघव वेगळे झालात तेव्हा मी तुला काहीच विचारलं नाही. मला वाटायचं, विचारलं तर तू सांगशील, आणि ऐकलं तर मला कुणाची तरी बाजू घ्यावी लागेल. मग तू दोन बॅगा घेऊन निघून गेलीस आणि मी स्वयंपाकघरात भाजी चिरत राहिले. त्याचं वाईट वाटतं. म्हणून या वेळी विचारते. शिक्क्यात काय आहे? खरं असेल ते लिही. अर्धवट नको.

आई

---

आर. के. पुरम
२० नोव्हेंबर २०२४

ती. आईंना,

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते.

होल्स्टरच्या झडपेच्या, म्हणजे वरच्या झाकणाच्या, आतल्या बाजूला भारतीय कारखान्याचा शिक्का आहे. शाई जुनी आहे, शिक्का खरा आहे, मागाहून मारलेला नाही. त्यात साल आहे. पुसट झालंय, पण कडेनं उजेड टाकला की चारही आकडे वाचता येतात: १९७४.

शंकरमामा डिसेंबर १९७१ मध्ये गेले. हे कापड तेव्हा विणलेलंसुद्धा नव्हतं. म्हणजे होल्स्टर सैन्याचं आणि अस्सल आहे, पण त्यांचं असू शकत नाही. शाळेला तसं टिपण मी देऊ शकणार नाही.

बाबांची काही गल्लत झाली असेल. कदाचित त्यांनाच कुणीतरी चुकीचं दिलं असेल. तुम्ही शांतपणे विचारा.

मला माफ करा.

अक्षता

---

मानेसर
८ डिसेंबर २०२४

प्रिय अक्षता,

वरचा पत्ता पाहून दचकू नकोस. दहा-बारा दिवस झाले, प्रणिताकडे आले आहे. ती सकाळी फॅक्टरीत जाते, संध्याकाळी येते. दिवसभर मी आणि तिची कुंडीतली तुळस.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी ह्यांच्यासमोर ठेवलं. चष्मा लावून वाचलं, पुन्हा वाचलं. मग विचारतात काय, "तिनं आतून उघडलंय का ते?"

मी म्हटलं, "विषय बदलू नका. हे शंकरचं होतं की नव्हतं?"

त्यांनी पत्राची घडी घातली. मी पुन्हा विचारलं, तेव्हा म्हणाले, "नव्हतं."

"मग?"

"स्टोअरमधून घेतलं होतं. तुमच्याकडे रिकाम्या हातानं कसं यायचं?"

"आणि तुम्ही जवळ होतात, त्याला कळलंसुद्धा नाही, ते?"

"ते खरं आहे, भानू."

मी म्हटलं, "एक खोटं निघाल्यावर दुसरं खरं कसं मानू?" तर खाली मान घालून बसून राहिले. भांडले असते तरी मला बरं वाटलं असतं.

माझी आई अठरा वर्षं त्या कापडावर हात ठेवून झोपली. शेवटच्या दिवशी तिला माणसं ओळखू येत नव्हती, पण हात उशाशी ते चाचपत होता. स्टोअरमधलं कापड! आणि मी? ह्यांच्याशी लग्न का केलं मी? शंकरला शेवटचं पाहिलेला माणूस म्हणून. चांगली स्थळं सांगून येत होती. मी म्हटलं, हेच.

राघव बंगळुरूहून फोन करून प्रणिताला सांगतो, "मम्मीला समजाव यार, फिफ्टी इयर्स जुनी गोष्ट आहे." त्याला काय सांगू? फरीदाबादला स्वयंपाकाला येणारी कल्पना दोन वेळचं करून जाते, तेव्हा ह्यांच्या जेवणाचे हाल नाहीत.

ते होल्स्टर तुझ्याकडेच ठेव. मला नको. शाळेला मी कळवलं, वस्तू सापडत नाही म्हणून.

तुझ्यावर राग नाही. तू खरं सांगितलंस.

आई

---

फरीदाबाद
१२ डिसेंबर २०२४

अक्षता बेटा,

फोनवर मला हे बोलता येणार नाही, म्हणून लिहितो. चाळीस वर्षांत मराठीत अर्ज सोडून काही लिहिलेलं नाही, चुकलं तर सांभाळून घे.

तू जे शोधलंस ते बरोबर आहे. तुझी काही चूक नाही. आता एक काम कर. होल्स्टर आहे तसं पॅक करून माझ्या नावानं परत पाठव. त्याची शिवण उसवू नकोस. क्लीनिंग, रिपेअर काही करायचं नाही. आतमध्ये बघण्यासारखं काही नाही.

मी ठीक आहे. सकाळी पार्कात जातो. भानूच्या बी. पी. च्या गोळ्या संपत आल्या असतील, त्या प्रणिताच्या कंपनीच्या बसवाल्याकडे दिल्या आहेत.

तुझा
उल्हास बाबा

---

आर. के. पुरम
१७ डिसेंबर २०२४

ती. बाबांना,

तुमचं पत्र यायच्या आधीच मी शिवण उसवली होती. तीन बोटांएवढीच. आईंनी होल्स्टर नको म्हटलं, तेव्हा ठेवून देण्याआधी फोटो काढून घ्यावेत म्हणून अतिनील दिव्याखाली धरलं. नव्या जमान्यातला धागा त्या उजेडात निळसर चमकतो, महायुद्धाच्या वेळचा सुती धागा चमकत नाही. झडपेची शिवण चमकली. बाकी सगळं होल्स्टर काळोखात राहिलं.

हे मी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. एक साल वाचलं आणि थांबले. शिकाऊ मुलांना मी कायम सांगते, की एक शिक्का म्हणजे फक्त त्या तुकड्याचं वय, सगळ्या वस्तूचं नव्हे. आणि मीच ते विसरले.

बाबा, ७४ सालचं कापड फक्त झडपेला वरून आणि खालून लावलेलं आहे. मधे जुनी झडप तशीच आहे. तिच्यावर C आणि बाण, कांडीवर आहे तसाच, आणि साल १९४४. कडेला जांभळ्या शाईत हातानं मामांचं नाव लिहिलंय: एस. जी. आळतेकर.

हे शंकरमामांचंच होल्स्टर आहे. तुम्ही खोटं बोलला नव्हतात. मग आईंना "नव्हतं" असं का सांगितलंत?

जुनी झडप एका बाजूनं खराब झालीय. कापडाला आरपार भोकं आहेत, ओळीनं, अर्धगोल. उंदरानं कुरतडल्यासारखी. ती झाकायला तुम्ही नवं कापड लावून घेतलंत का? एवढंच असेल तर मी आजच आईंना लिहिते.

अक्षता

---

फरीदाबाद
२१ डिसेंबर २०२४

अक्षता,

उंदीर नाही. ते दात शंकरचे आहेत.

आता तुला कळलंच आहे तर पूर्ण सांगतो, नाहीतर तू अंदाज करत बसशील.

सकाळी आम्ही एका कालव्याच्या बांधावर हल्ला केला. जमला नाही, मागे आलो. काही माणसं पुढे पडून राहिली, त्यांत शंकर. एक जवान ओरडत होता. त्याला आणायला दोघं गेले, दोघंही पडले. हे शंकरनं पडल्या जागेवरून पाहिलं असणार. माझा मोर्चा, म्हणजे खंदक, त्याला सगळ्यांत जवळ होता. मी कान लावून बसलो होतो. त्याचा आवाज आला असता तर मी गेलो असतो, हुकूम असो नसो. हे त्यालाही माहीत होतं. आवाज आला नाही. मी समजलो, संपला.

संध्याकाळी पुढे सरकलो तेव्हा तो मिळाला. गोळी छातीत नव्हती, पोटात होती. अंग गरम होतं. पट्ट्यातून होल्स्टर काढून त्यानं झडप तोंडात धरली होती. ती मला त्याच्या दातांतून सोडवावी लागली.

त्याच्या आईला हे दाखवायचं? तीन वर्षं माझ्या ट्रंकेत पडून होतं. शेवटी आमच्या वर्कशॉपच्या टेलरकडून वरून नवं कापड लावून घेतलं. जुनी झडप कापून टाक म्हणाला तो. मला ते सांगवेना. सालाचा शिक्का आत गेला की बाहेर, कोण बघतो?

भानूनं विचारलं तेव्हा माझ्यापुढे दोनच रस्ते होते. "शंकरचंच आहे" म्हटलं असतं तर तिनं पुन्हा तुला लिहिलं असतं, आणि तू उघडलं असतंस. मला खोटारडा म्हणून ती जगू शकेल. भाऊ दिवसभर कापड चावत पडला होता आणि नवरा हाकेच्या अंतरावर बसून होता, हे घेऊन ती जगू शकणार नाही.

होल्स्टर आता तुझ्याकडेच राहू दे. तू कुणाला सांगणार नाहीस असा शब्द दे. राघवलाही नाही. ती येईल परत. रागावली की येते ती परत.

बाबा

---

आर. के. पुरम
२८ डिसेंबर २०२४

ती. आईंना,

बाबांना मी शब्द दिलाय, म्हणून जास्त लिहू शकत नाही. एवढंच सांगते, की शिक्का वाचण्यात मी घाई केली. ते होल्स्टर मी समजले तसं नाही. तुम्ही घरी परत जा. थंडी वाढलीय, बाबा एकटे आहेत. समोर बसून दोघं बोला. बाकी काही मला विचारू नका.

अक्षता

---

मानेसर
६ जानेवारी २०२५

प्रिय अक्षता,

तुझं पत्र वाचलं. तू चांगली आहेस, पण तुला खोटं लिहिता येत नाही. "मी समजले तसं नाही" म्हणजे काय? १९७४ चं १९७० झालं का? राघवनं तुला फोन केला असणार, नाहीतर ह्यांनी. दोघांना वाटतं म्हातारीला घरी आणायचं काम तूच करू शकतेस. मला दया नको, बिल्कुल नको.

परवा हे इथे आले होते. गाडी खाली उभी, स्वतः आत बसलेले. प्रणिता म्हणाली, "काका, वर चला ना." तर म्हणाले, "तिला विचार." प्रणितानं वर येऊन मला विचारलं. मी नाही म्हटलं. बाल्कनीतून पाहिलं, धुकं इतकं होतं की गाडीचे फक्त दिवे दिसत होते. बऱ्याच वेळानं ते हलले.

संक्रांतीनंतर बघू.

आई

---

आर. के. पुरम
२ फेब्रुवारी २०२५

ती. आईंना,

बाबांच्या तेराव्याला आले होते. तुम्ही मला जवळ बसवून घेतलंत, हात हातात धरलात, आणि तरीही माझ्याच्यानं बोलवलं नाही. घर माणसांनी भरलेलं होतं, आणि तुम्हाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ते सांगण्यासारखंही नव्हतं. राघव चहाचा कप देऊन गेला. "थँक्स फॉर कमिंग" म्हणाला. आम्ही दोघंही फोटोकडे बघत राहिलो.

कल्पना सांगत होती, त्या सकाळी त्यांनी दोन माणसांचा चहा टाकला होता. तुम्ही येणार आहात का, असं तिनं विचारलं, तर हसले. ती बाजारातून परत आली तेव्हा ते खुर्चीतच होते.

आई, बाबांना दिलेला शब्द मी मोडते आहे. तो ज्यांच्यासाठी पाळायचा ते आता राहिले नाहीत, आणि तुमच्यासाठी तर तो मुळातच चुकीचा होता. बाबांचं २१ डिसेंबरचं पत्र सोबत जोडलंय. ते वाचायच्या आधी एवढं ध्यानात घ्या: होल्स्टर शंकरमामांचंच आहे. बाबा तुमच्या आईशी वस्तूबद्दल कधीच खोटं बोलले नव्हते. तुमच्याशी एकदाच बोलले, गेल्या नोव्हेंबरात, आणि ते माझ्या पत्रामुळे.

पत्र एकट्यानं वाचू नका. प्रणिताला जवळ बसवा.

मी दोनदा चुकले. नोव्हेंबरात अर्धंच पाहिलं होतं आणि पूर्ण पाहिल्यासारखं लिहून टाकलं. डिसेंबरात पूर्ण पाहिलं होतं, तेव्हा गप्प बसले. तेव्हाच टॅक्सी करून मानेसरला आले असते आणि तुमच्यासमोर ते ठेवलं असतं, तर तुम्ही मला रागावला असतात, रडला असतात, पण फरीदाबादला गेला असतात. माझ्या टेबलावर ते पत्र चार आठवडे पडून होतं. रोज ऑफिसला जाताना दिसायचं. मला वाटायचं, नवराबायकोतलं आहे, मी कोण मधे पडणारी?

होल्स्टर तुम्ही म्हणाल तेव्हा घेऊन येईन. नको म्हणालात तरी समजेन.

अक्षता

---

फरीदाबाद
१६ मार्च २०२५

प्रिय अक्षता,

गेल्या रविवारी तू आलीस, होल्स्टर ठेवलंस, आणि मी तुझ्याशी दोन शब्दही धड बोलले नाही. तू सगळी भांडी घासून गेलीस. कल्पना रुसली आहे.

तू गेल्यावर मी ते जेवणाच्या टेबलावर घेतलं. तू उसवलेल्या जागेतून बोट घातलं, पुरेना. मग कात्रीनं बाकीचे टाके स्वतः कापले. मला बघायचं होतं.

वस्तू सापडली असं शाळेला कळवलंय. टिपण लिहिशील तेव्हा शिक्का, साल, जांभळी शाई सगळं लिही. पण मला त्यातलं काही लागलं नाही. शंकरचा वरचा एक दात बाकीच्यांच्या पुढे आलेला होता. लहानपणी मी त्याला त्यावरून चिडवायची आणि तो मला मारायला धावायचा. त्या अर्धगोलात एक भोक ओळ सोडून पुढे आहे. मी त्याच्यावर बोट ठेवलं. चोपन्न वर्षांनी मी माझ्या भावाला हात लावला, अक्षता.

मी कोसळेन असं ह्यांना वाटलं होतं. मी रडले, खूप रडले, पण कोसळले नाही. संध्याकाळी उठून दिवा लावला, वरणभात केला, खाल्लाही. शंकर भ्याला नाही, त्याला कळत होतं, आणि त्यानं आपल्या मित्राला वाचवलं. त्या मित्राबरोबर मी संसार केला. आईला हे सोसलं नसतं, ते मी मान्य करते. पण मला कळलं असतं तर मी ह्यांच्याशी कितीतरी वेगळी वागले असते. हे दर डिसेंबरात गप्प व्हायचे, आठवडाभर जेवणात लक्ष नसायचं, आणि मी म्हणायची, भाऊ माझा गेला, तुम्ही का तोंड पाडून बसता?

तुला तुझ्या चुका मोजायच्या असतील तर मोज, मी तुला अडवणार नाही. माफ केलं असंही लिहिणार नाही, कारण मानेसरच्या बाल्कनीत मी उभी होते, तू नव्हतीस. एवढंच, की येत जा. राघव नसतो इथे, तू निर्धास्त ये.

हे आमच्या दारात आले तेव्हा मी एकवीस वर्षांची होते. त्या मुलीला हे सांगता येण्यासारखं नव्हतं. पण त्यानंतर मी आईला शेवटचं पाणी पाजलं, एक मूल पोटात असतानाच गमावलं, बदलीबदलीवर एकटीनं घरं लावली, तुझा आणि राघवचा मोडता संसार पाहिला. हे मात्र शेवटपर्यंत त्या एकवीस वर्षांच्या मुलीलाच जपत राहिले. मी आता म्हातारी झाले आहे, मला काहीही सांगता येतं, हे एवढं मी ह्यांना कधी सांगितलंच नाही.

आई